चौथा डाग

"एक, दोन, तीन, चार." मी बोट ठेवून मोठ्यानं मोजले. "चार डाग? ही माणसाची मान आहे की बैलाची?"

मंगळवार होता, बाजाराचा दिवस. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात शंभरेक माणसं रांगेत उभी होती आणि सगळी आमच्याकडं बघू लागली. बाकावर तिशीची एक बाई मान वाकडी करून बसली होती. अनसूया निंबार्ते, राहणार पळसटोला, जवळचीच एक वस्ती. अंगात एकशे तीन ताप. डाव्या कानाच्या मागं आणि खाली मानेवर गाठी आल्या होत्या, काही सुपारीएवढ्या, एक चांगली लिंबाएवढी. आणि त्या गाठींवर काळे डाग. शेजारी तिची सासू उभी होती, बायजाबाई. सुकलेली, साठीच्या पुढची, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली.

"बिबा घातला बाई," ती म्हणाली. "गाठी आल्या न, म्हणून."

बिब्बा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. काळं, कडक फळ असतं. सुई तापवून त्यात खुपसायची, सुईला जे तेल लागतं त्याचा ठिपका दुखऱ्या जागेवर द्यायचा. कातडी जळते, काळी पडते, आणि दुखणं पळालं असं घरच्यांना वाटतं. मी साताऱ्याकडची, नुकतीच डॉक्टर झालेली, सरकारी बाँडची दोन वर्षं भरायला वैनगंगेच्या काठी येऊन पडले होते. राग माझ्या नाकावरच असायचा. अशा डागांची पोरं, बाया रोज बघून बघून त्या दिवशी तो नाकावरून थेट जिभेवर आला.

"कळत नाही तर हात कशाला लावता?" मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले. "आजार एकीकडं, हे भाजणं दुसरीकडं. आता यात पू झाला, तर जबाबदार कोण? चार-चार डाग द्यायला हात तरी कसा धजला?"

बायजाबाईनं तोंड उघडलं. माझ्याकडं पाहिलं, मग सुनेच्या मानेकडं. मग तोंड मिटलं.

"चुकलं बाई," ती म्हणाली.

"आत्याबाईले नका बोलू," अनसूया तापातच पुटपुटली. "मीच म्हणलं, घाला म्हणून."

मी ऐकलं नाही. अनसूयाला दाखल करून घेतलं, आणि केसपेपरवर 'मानेवर बिब्ब्याचे चार डाग' असं लिहून खाली रेघ मारली. मडावी सिस्टरना तिच्यादेखतच सांगितलं, ही म्हातारी वॉर्डात नको, नाहीतर रात्रीतून पाचवा देईल. मडावी सिस्टर तिथल्याच, नोकरीत वीस वर्षं मुरलेल्या. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मी पुढच्या पेशंटकडं वळले होते.

मानेत गाठी आणि ताप म्हटलं की आमच्याकडं पहिलं नाव क्षयाचं. दुसऱ्या दिवशी सुईनं गाठीतलं थोडं काढून जिल्ह्याच्या गावी तपासायला पाठवलं. तोवर जंतू मारणारी ताकदीची इंजेक्शनं सुरू केली. ताप ढिम्म हलला नाही. उलट तिला डोकं फुटेल असं दुखायला लागलं, डोळे लाल झाले, आणि ती बोलता बोलता झोपेत जाऊ लागली.

मग मी पुस्तक काढलं. मोठ्या माणसाच्या मानेत गाठी येण्याची कमी आढळणारी कारणं एका पानावर होती. ती यादी हातात घेऊन मी गुरुवारी दुपारी बाहेर कडुलिंबाच्या पारावर गेले, कारण अनसूया उत्तरं देण्याच्या अवस्थेत नव्हती आणि घरचं दुसरं कुणी नव्हतं. नवरा लोमेश नागपूरला एका कारखान्यात होता. पारावर बायजाबाई दोन दिवस बसून होती. शेजारी भाकरीचं फडकं होतं, त्याची गाठ सुटलेली नव्हती.

"घरात मांजर आहे का?" मी विचारलं.

"हाय."

"ओरखडलंय का अनसूयाला?"

"थे कोणाच्या जवळ येत नाही बाई. मोठी मिजासखोर हाय."

"शेळ्या? कच्चं दूध पिता का?"

"बकऱ्या हायेत दोन. दूध तापवूनच पितो."

"कच्चं मटण? अर्धवट शिजलेलं?"

"गरिबाच्या घरी मटण शिजते तवा सारा टोला वासानं जागा होते. कच्चं कोण ठेवन?"

"गावात उंदीर मेले का? कुणाला क्षय? खोकल्यातून रक्त?"

"नाही व माय."

मी एकेक नाव खोडत गेले. ती प्रत्येक प्रश्नाला नीट विचार करून उत्तर देत होती, शाळेत तोंडी परीक्षेला उभ्या केलेल्या मुलीसारखी. शेवटी मी निघाले तेव्हा तिनं विचारलं, "जीव वाचन न बाई तिचा?"

"बघू," मी म्हणाले. ते उत्तर मला आजही नीट आठवतं, कारण त्यात काहीच नव्हतं.

"माह्या हातानं झालं असन तं सांग मले. लपवू नोको."

"बिब्ब्यानं ताप येत नाही," मी म्हणाले. एवढंच म्हणाले असते तर बरं होतं. पण मी पुढं म्हणाले, "पण त्यानं बरंही काही झालं नाही."

शुक्रवारी लोमेश आला. आल्या आल्या त्यानं आईला पारावर गाठलं. गावातून त्याला कुणीतरी फोन केला होता, आणि मंगळवारच्या बाजारात जे शंभर लोक रांगेत होते त्यांनी आपापल्या गावी बातमी पोचवली होती. सासूनं सुनेला डागलं. डॉक्टरीण बाईनं सगळ्यांदेखत मोजले, चार डाग. माझा आकडा आणि माझेच शब्द मला त्या मुलाच्या तोंडून व्हरांड्यात ऐकू आले.

"चार डाग देले तू तिले? चार?" तो आईला म्हणत होता. "तिची माय जिवंत असती तं तिनं देले असते का?"

बायजाबाईनं फडक्यातली भाकरी काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं घेतली नाही. मला वाईट वाटलं, पण मी मध्ये पडले नाही. मनात आलं, आता हिला कळेल.

शनिवारी तपासणीचा कागद आला. क्षय दिसत नाही. बाकी नक्की सांगता येत नाही, गाठ काढून पाठवा. आता उरलं होतं ते कॅन्सरचं नाव. सोमवारी सकाळी नागपूरला न्यायचं ठरलं, ॲम्ब्युलन्स सांगितली; त्याआधी ती मिळत नव्हती. पण अनसूयाचा श्वास आता जोरात चालायला लागला होता, आणि खरं सांगायचं तर सोमवारपर्यंत ती टिकेल की नाही हे मला कळत नव्हतं. तिला दोन मुलं होती. एक तिसरीत, एक अंगणवाडीत. हे मला बायजाबाईनं यादीच्या प्रश्नांच्या मध्येच सांगितलं होतं, मी लिहून घेतलं नव्हतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी वॉर्डात शिरले तर बायजाबाई अनसूयाच्या खाटेवर बसलेली. सुनेचं डोकं मांडीवर, हातात बाटली.

मी धावतच गेले आणि ती बाटली हिसकावून घेतली.

"वास घे न," बायजाबाई शांतपणे म्हणाली. "खोबऱ्याचं तेल हाय."

मी वास घेतला. खोबऱ्याचंच होतं. मागून मडावी सिस्टर म्हणाल्या, "मीच आत घेतलं मॅडम तिला. उद्या नागपूरला मोठ्या लोकात जायचं, पाच दिवस केसांना फणी नाही. आपली कुणी बाई असती तर असं पाठवली असती का?"

मी बाटली परत दिली, आणि काय करावं हे न सुचून शेजारच्या स्टुलावर बसले. त्या आठवड्यात मी कुणाच्या शेजारी अशी बसले ती पहिल्यांदाच.

अनसूयाचे केस दाट होते आणि त्यांच्या जटा झाल्या होत्या. आठवडाभर अंबाडा तसाच होता, उशीला घासून नुसता गोळा झालेला. बायजाबाईनं तो सोडला. तेल बोटांवर घेऊन ती एकेक गुंता सोडवू लागली, खालून वर, केसाला झटका न देता. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत असेल.

"काय म्हणताय आजी?"

"मोजून रायली."

"काय?"

ती थांबली. मग तेलकट बोट तिनं अनसूयाच्या मानेवर ठेवलं, गाठीवरच्या डागावर. अनसूया झोपेतच कण्हली, "स्स."

"हा माहा," बायजाबाई म्हणाली. बोट खाली सरकलं. "हा माहा." अनसूयानं मान ओढून घेतली. "हा बी माहा. दुखते न माय, दुखते." तिनं त्या तिसऱ्या डागावर फुंकर घातली. मग तिचं बोट वर गेलं, कानाच्या मागं, जिथं अंबाड्याखाली केस सुरू होतात. तिथं ते राहिलं. तिनं थोडं दाबलं. अनसूया हलली नाही.

"अनसू, इथं दुखते का व?"

"कोठी?" डोळे मिटूनच ती म्हणाली.

"इथं. डाग हाय न इथं."

"तिथं काही नाही आत्याबाई."

बायजाबाईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत आधी भीती होती, मग दुसरंच काहीतरी आलं.

"बाई, हा माहा नाही."

"म्हणजे?"

"मी तीनच घातले. आमच्यात तीन घालतात, नाही तं पाच. चार कोणीच नाही घालत. अन् केसात तं कधीच नाही, केस जळतात. माह्या मायनं शिकवलं तवाच सांगलं होतं." तिनं पुन्हा त्या जागी बोट ठेवलं. "अन् बिब्याचा डाग दुखते, महिना महिना दुखते. हा दुखून नाही रायला."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? मी चार म्हणाले तेव्हा?"

"तू रागात होती. रागात असलेल्या माणसाले पुन्हा मोज म्हणून कसं सांगाचं?" ती म्हणाली. "अन् तू शिकलेली. तू चार म्हणलं तं मले वाटलं, हात कापते आता माहा, डोळ्याले नीट दिसत नाही, घातला असन चवथा. अशुभ घातला असन. पाच दिवस थ्याच पारावर बसून मोजून रायली मी, कवा घातला, कसा घातला."

मी उठून खिडकीचं दार सताड उघडलं आणि तिथं वाकले. केस बाजूला केले. काळी खपली होती, हरभऱ्याएवढी, आणि तिच्याभोवती लालसर कडं. विझत्या बिडीचा चटका बसावा तसा. मी बोटानं दाबलं. अनसूयाला पत्ताही नव्हता. आणि त्या जागेच्या बरोबर खाली, कानामागून मानेवर, गाठींची रांग उतरत गेली होती. सगळ्यात मोठी, लिंबाएवढी गाठ याच डागाच्या सगळ्यात जवळची होती.

नागपूरला कॉलेजात एकदा आमच्या म्हाताऱ्या सरांनी पडद्यावर असा डाग दाखवला होता. दुपारचा तास होता, अर्धा वर्ग पेंगत होता. ते म्हणाले होते, हा डाग दुखत नाही, म्हणून पेशंट तो सांगत नाही, म्हणून डॉक्टर तो शोधत नाही, म्हणून माणूस मरतो. स्क्रब टायफस. गवतात, झुडपात राहणाऱ्या एका किड्याचं पिल्लू चावतं, इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. आम्ही वहीत लिहिलं होतं की हा आजार डोंगराळ भागातला, आणि पान उलटलं होतं. माझ्या यादीतही ते नाव नव्हतं.

"आजी, ताप यायच्या आधी अनसूया कुठं गेली होती? गवतात?"

"रोजच जाते न. वावराच्या धुऱ्यावरचं गवत कापून आणते बकऱ्याले. नाल्याच्या बाजूचं चांगलं वाढलं औंदा."

"भारा कसा आणते?"

तिला माझा प्रश्न खुळा वाटला असावा. "डोक्यावर. चुंबळ ठेवते अन् त्यावर भारा. गवत लोंबते इथवर." तिनं हात स्वतःच्या कानापाशी नेला. हात तिथंच राहिला. "इथंच लोंबते बाई."

औषध आमच्याच कपाटात होतं. डॉक्सीसायक्लीन, साधी गोळी, दुसऱ्या आजारांना आम्ही ती रोज देत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. खात्री करायची तपासणी तेव्हा आमच्याकडं नव्हती. मी नागपूरला त्याच सरांना फोन लावला. ते रविवारचे घरी सापडले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "डाग दुखतो का?"

"नाही सर."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? गोळी दे. आणि उद्या श्वास सुधारला नाही तर गाडीत घालून इकडं आण."

पहिली गोळी बायजाबाईनं भरवली. अनसूयाला गिळता येत नव्हतं, तर तिनं सुनेची हनुवटी धरून, गळ्यावरून बोट फिरवत ती खाली उतरवली, लेकराला गुटी देतात तशी. मग मी म्हणाले, "आजी, आता इथंच बसा. पारावर नको."

"अन् मी पाचवा घातला तं?" तिनं तोंडावर पदर घेतला. ती हसतेय हे मला जरा वेळानं कळलं. मीही हसले, आणि मग मला रडू यायला लागलं म्हणून औषधाच्या खोलीत जाऊन उगाच बाटल्या लावत बसले.

सोमवारी सकाळी ॲम्ब्युलन्स दारात उभी होती. ताप एकशे एक, श्वास थोडा संथ. मी गाडीला थांबायला सांगितलं. दुपारी ताप शंभर. अनसूयानं डोळे उघडून विचारलं, बकऱ्या कोण पाहून रायलं? लोमेशनं सांगितलं, शेजारीण. ती म्हणाली, तिले सांगजा, काळीले जास्त चारा नोको. संध्याकाळी मी गाडी परत पाठवली.

मंगळवारी पहाटेपासून ताप नव्हता. सकाळी नऊला मी वॉर्डात गेले तेव्हा अनसूया कुशीवर झोपली होती, अंग गार, कपाळावर घाम. बायजाबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून भाकरी खात होती. बाहेर बाजाराची गर्दी व्हायला लागली होती. तीच रांग, तोच व्हरांडा. लोमेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आईशी तो अजून नीट बोलला नव्हता. खरं काय ते मी त्याला रविवारीच सांगितलं होतं, पण त्याला एकट्याला. त्यानं मान हलवली होती आणि म्हणाला होता, "गावाले कोण सांगन मॅडम?"

मी केसपेपर घेतला. गेल्या मंगळवारी रेघ मारून लिहिलेलं ते वाक्य खोडलं आणि खाली नव्यानं लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. मग व्हरांड्यात आले. बायजाबाईला हाक मारली. ती हातातला तुकडा फडक्यात ठेवून आली, आणि परत काही चुकलं की काय म्हणून उंबऱ्याशीच उभी राहिली.

"मागच्या मंगळवारी इथं कोण कोण होतं?" मी रांगेला विचारलं. काही हात वर झाले, बरेचसे अर्धेच. "तेव्हा मी जे बोलले ते चूक होतं. आता ऐका."

बिब्बा मला तेव्हाही पटत नव्हता आणि आजही पटत नाही. इतक्या वर्षांत मी तो बंद करायला कितीजणांशी भांडले असेन. पण त्या दिवशी भांडण तिच्याशी नव्हतं. ज्या आवाजात मी आठवड्यापूर्वी ओरडले होते, बरोबर त्याच आवाजात मी कागद वाचायला घेतला.

"अनसूया लोमेश निंबार्ते. मानेवर बिब्ब्याचे डाग तीन. चौथा डाग गवतातल्या किड्याच्या चाव्याचा आहे. तो सासूबाई बायजाबाई निंबार्ते यांनी दिलेला नाही. आजार त्या किड्यामुळं झाला, आणि…"

कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. तेलकट, भाकरीचं पीठ लागलेली बोटं.

"हळू बोल न बाई," बायजाबाई म्हणाली. "तिचा आत्ताच डोळा लागला."

मी आवाज खाली आणला. 'हा डाग वेगळा आहे हे बायजाबाईंनीच ओळखलं,' ही उरलेली एक ओळ हळू वाचली. ती ऐकू यावी म्हणून सगळी रांग दोन पावलं पुढं आली.